खडीचा ढोल

माझा भाऊ बायकोला मारायच्या आधी मला हाक मारायचा. "आक्का, खडीचा लाव." मी हातातलं काम ठेवून उठायची. शेडमध्ये जाऊन ढोलाचं झाकण काढायची, कोपऱ्यातल्या डब्यातले भंगार बोल्ट आणि दोन पाट्या खडी आत ओतायची, झाकणाचे चार नट आवळायची आणि खटका दाबायची. ढोल एकदा फिरायला लागला की आमच्या घरातलं गल्लीला काही ऐकू जात नसे. मीही त्याच्याजवळच बसून राहायची, म्हणजे मलाही ऐकू येत नसे.

ही सत्तर सालानंतरची, सांगलीतली गोष्ट. भावाहून मी पाच वर्षांनी मोठी. नवऱ्यानं दुसरी केली आणि मला आष्ट्याजवळ माझ्या माहेरी आणून सोडलं. माहेरी उसाची जमीन होती, पण ती चुलत्यांच्या हातात. टाकून दिलेल्या बाईनं चुलीजवळ बसावं आणि उरलेलं खावं, एवढीच माझी तिथं जागा. भाऊ पंधरा वर्षांची लष्करातली नोकरी संपवून आला. तो तिथं वर्कशॉपात मेकॅनिक होता. त्याचं शेतात मन लागेना. सांगलीत पिठाच्या गिरणीला लागून दोन खोल्या आणि पुढं एक पत्र्याची शेड त्यानं भाड्यानं घेतली आणि बायकोबरोबर मलाही आणलं. मला चुलत्यांच्या चुलीपासून उठवणारा तो एकटाच. त्यानं जा म्हटलं असतं तर मला जायला जागा नव्हती. हे मी विसरले नव्हते, आणि तोही विसरला नव्हता.

भावजय माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वडूजच्या बाजूची, कोरडवाहू मुलखातली, काळीसावळी, उंच. बोलायला कमी. मूल नव्हतं. आमच्याकडं पाटाचं पाणी होतं, त्याचा मला फार तोरा. "तुमच्याकडं आंगुळ सणासुदीलाच करत्यात म्हनं," असं मी येणाऱ्याजाणाऱ्यासमोर तिला म्हणायची. ती "व्हय वन्सं," म्हणायची आणि पाणी भरायला जायची. मला नवऱ्यानं टाकलं होतं आणि तिला नवरा होता, तिच्यावरचा माझा सगळा राग एवढ्यावरच होता. तो नवरा कसा आहे हे मी रोज बघत होते, तरीसुद्धा.

गल्ली भावाला मेजर म्हणायची. आमच्याकडं पलटणीतून आलेला प्रत्येकजण मेजरच असतो.

एक दिवस जत्रांतून पाळणे लावणारा एक माणूस ट्रक घेऊन दारात आला. मुंबईतल्या खलाशांच्या कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली तीन मशिनं त्यानं उचलली होती. पिनबॉल त्यांचं नाव. चार पायांवर उभी तिरकी पेटी, वर काच, आत रंगीत फळी. दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर जाते आणि खांबांना, रबरांना धडकत खाली येते. बाजूची बटणं दाबली की खालचे दोन पंखे हलतात आणि गोळीला परत वर मारतात. ती धडकली की दिवे लागतात, घंटा वाजते. पण समुद्राच्या हवेनं सगळं गंजलेलं होतं. घंटा वाजत नव्हती, पंखे हलत नव्हते, आणि ज्या पट्ट्यांवरून गोळी घरंगळायची त्यांच्यावर गंजाची खरूज उठली होती. भावानं पलटणीच्या मेसमध्ये असलं मशीन बघितलं होतं. तो म्हणाला, "करतो. पर घाई करायची न्हाई."

त्यानं तिन्ही मशिनं सुटी केली. शेकडो तुकडे. स्क्रू, खांब, पट्ट्या, खिट्ट्या, स्प्रिंगा. हातानं घासायचं तर वर्ष गेलं असतं, म्हणून त्यानं ढोल बांधला. सागवानी फळ्यांचा, आठ कोनी, आडवा, आतून ट्यूबचं रबर ठोकलेला. मोडक्या गिरणीची मोटार आणि पट्टा त्याला लावला. तो त्याला टंबलर म्हणायचा. गल्लीला टंबलर म्हणजे पाणी प्यायचा, त्यामुळं बायका हसायच्या. आम्ही ढोलच म्हणायचो.

काम असं. तुकडे आधी रॉकेलमध्ये भिजत घालायचे, म्हणजे जुनं वंगण सुटतं. मग गंज जास्त असेल तर ढोलात बारीक खडी आणि सोड्याचं पाणी घालून त्यात फिरवायचे. तो खडीचा ढोल. त्याचा आवाज असा की शेजारच्या गिरणीत जात्याशी उभा असलेला माणूसही वळून बघायचा. गंज उतरला की धुऊन, वाळवून दुसऱ्यांदा ढोलात घालायचे, या वेळी भुईमुगाच्या टरफलांचा भरडा आणि खडूची पूड घालून. तो ढोल नुसता खसखसत राहतो, सुपात काही पाखडल्यासारखा. पाचसहा तासांनी उघडलं की तेच तुकडे चांदीसारखे बाहेर येतात. टरफलं सांगलीत तेलाच्या घाण्यांवर पोत्यानं मिळायची. ढोलाकडं बघायचं काम माझं. मग भरडा चाळून त्यातले तुकडे वेचायचे, आणि प्रत्येक स्क्रूच्या खाचेत अडकलेलं टरफल बाभळीच्या काट्यानं कोरून काढायचं. हे काम भावजयीचं. तिच्या नखांत तो भरडा इतका बसला होता की भाकरीच्या पिठात उतरायचा. मग त्यावरून मी बोलायची.

भाऊ एकेक तुकडा उजेडाला धरून बघायचा. एका खाचेत कण राहिला तरी तो तुकडा तिच्या अंगावर फेकायचा. त्यातून मारहाण सुरू झाली. पहिल्यांदा मारलं तेव्हा टरफलांचा ढोल चालू होता. त्याच्या खसखशीत तिचं ओरडणं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. समोरच्या घरातली म्हातारी दारात येऊन उभी राहिली. भाऊ बाहेर येऊन तिला म्हणाला, "काय न्हाई आजी, हातावर दांडा पडला तिच्या." म्हातारी गेली. आठ दिवसांनी पुन्हा तशी वेळ आली तेव्हा तो मला म्हणाला, "आक्का, खडीचा लाव."

त्या वेळी मी विचारायला हवं होतं की आता तर घासायला काही नाही, मग कशाला. मला कळलं होतं, म्हणून मी विचारलं नाही. मोठी बहीण म्हणून एक शब्द बोलले असते तर त्यानं ऐकलंही असतं कदाचित. लहानपणी मी त्याला काखोटीला मारून हिंडवलं होतं. पण मी उठले आणि खटका दाबला.

चांगले तुकडे खडीत घालून बिघडवायला नकोत म्हणून आम्ही त्या कामासाठी वेगळे बोल्ट ठेवले होते. एक डबाभर भंगार, कुठंच न लागणारं. ते इतक्या वेळा फिरले की पुढं पुढं घरातलं सगळ्यात चकचकीत लोखंड तेच झालं. एकदा पाळणेवाला आला, डब्यात हात घालून म्हणाला, "आरं, हे कुठल्या मशीनचं? लय झकास निघालंय!" भाऊ म्हणाला, "असंच." भावजय त्याला चहा देत होती. तिनं कप खाली ठेवला आणि आत गेली.

मग ती खिट्टी हरवली. पंख्याच्या आतली, नखाएवढी पोलादी खिट्टी. तसली हिंदुस्थानात मिळत नाही, असं भाऊ रोज बजावायचा. सकाळी ढोल लावताना मी झाकणाचे तीनच नट आवळले. चौथा पडला होता, आणि वाकून शोधायचा मला कंटाळा आला. दुपारी बघते तर झाकणाच्या फटीतून भरडा गळून शेडच्या गटारीपर्यंत ओघळ गेला होता. मी तो झाडून टाकला. मोजताना एक खिट्टी कमी भरली. झाडताना मला समोरच्या खोलीच्या दारात भावजयीची सावली दिसली होती, पण ती काही बोलली नाही, म्हणून मला वाटलं तिनं बघितलं नाही.

भाऊ म्हणाला, "कुटं गेली?"

मी म्हणाले, "वेचायला ती बसती. तिला इचार."

इतकं सोपं होतं ते. त्यानं तिला आत ओढलं आणि मला सांगितलं, खडीचा लाव. घाईत मी नुसती खडीच ओतली. ढोल फिरायला लागला पण आवाज हवा तेवढा येईना. आतून भाऊ ओरडला, "बोल्ट घाल की!" मी ढोल थांबवला, डबा ओतला, पुन्हा लावला. आता तो जोरात गडगडायला लागला. भर दुपार होती. शेजारी गिरणी चालू होती, दळणाचे डबे घेऊन सातआठ बायका ओट्यावर बसल्या होत्या.

आणि लाईट गेली.

तेव्हा लाईट जायची, नवल नव्हतं. ढोलानं आणखी दोन गिरक्या घेतल्या आणि तो थांबला. गिरणीचा पट्टा फडफडून थांबला. सगळी गल्ली एकदम इतकी शांत झाली की गटारीचं पाणी ऐकू येत होतं. आणि त्या शांततेत भावजयीचा आवाज आला. ती रडत नव्हती. ठणठणीत आवाजात, ढोलाच्यावर ऐकू जावं म्हणून ती ओरडत होती, आणि ढोल थांबल्याचं तिला अजून समजलं नव्हतं.

"म्या न्हाई हरवली! वन्सनी झाकन ढिलं ठिवलं! वन्सनी झाडून गटारीत घातली! म्या बगितलंय!"

मग दोन फटके ऐकू आले. मग भावाचा श्वास.

ओट्यावरच्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी शेडच्या दारातच उभी होते, हातात रिकामा डबा. माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. तिला मार बसतोय याची नाही, माझं नाव निघालं याची. मी तिथूनच किंचाळले, "खोटं बोलतीय सटवी! आपलं पाप माज्यावर ढकलतीय!"

मग त्या बायकांतली एक, मांडीवर डबा घेऊन बसलेली, आत तोंड करून म्हणाली, "आवं मेजर, लाईट तर येऊंद्या की! एवढी घाई काय हाय?"

सगळ्या हसल्या. गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला दारात येऊन उभा होता, तोही हसला. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. ढोल कधी कशासाठी लागतो हे गल्लीला पाठ होतं. आणि मीही हसले. माझ्यावरची नजर हलली म्हणून मला हायसं वाटलं होतं.

भावजय बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता, डावा हात उजव्यानं धरला होता. ती त्या बायकांच्या मधून गेली आणि ओट्याच्या कडेला बसली. बायका थोड्या सरकल्या. कुणी पाणी दिलं नाही. मेजरच्या घरच्या भानगडीत कोण पडणार. अर्ध्या तासानं लाईट आली. गिरणी सुरू झाली, आणि मी खटका बंद केला नव्हता म्हणून ढोलही आपोआप फिरायला लागला. ती दचकून उठली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मुकाट्यानं घरात आली आणि चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याला म्हणून गेली आणि घागर नळावर ठेवून वडूजच्या गाडीत बसली.

आठव्या दिवशी तिचा बाप तिला परत घेऊन आला. उन्हानं रापलेला, डोक्याला मळका पटका, हातात दोन शेर मटकीची पिशवी. भावानं त्याचं चांगलं स्वागत केलं. चहा झाला. बाप म्हणाला, "पोरगी अवखळ हाय, पाव्हनं. तुमी समजून घ्या." भाऊ म्हणाला, "माजं काय न्हाई. घर तिचंच हाय." एवढ्यात बोलणं संपलं. तिच्या हाताला पाला बांधला होता, त्याचं नाव कुणी काढलं नाही.

तेव्हा पहिलं मशीन जोडून झालं होतं. भाऊ म्हणाला, "मामा, ह्ये बगा आमचं काम," आणि त्यानं म्हाताऱ्याला शेडमध्ये नेऊन बटण दाबलं. काचेखाली सगळे दिवे लागले. आमच्या ढोलातून निघालेले खांब, पट्ट्या, स्क्रू लखलखायला लागले. म्हाताऱ्याचा आ वासला. भावानं त्याला दांडा ओढायला शिकवलं, बटणं दाखवली. पहिली गोळी सरळ खाली गेली. दुसरी जरा फिरली. तिसरीला घंटा वाजली आणि म्हातारा लहान मुलासारखा ओरडला, "आयला! वाजली की!"

तो दोन तास खेळला. पटका काढून ठेवला, बाह्या सारल्या. "आता बगा, आता सोडत न्हाई हिला!" म्हणत पेटीवर वाकून, कमरेनं धक्के देत. भाऊ त्याच्या पाठीवर थाप मारत होता. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या शेजारी भावजय. ती मशीनकडं बघतच नव्हती. काचेतल्या उजेडात बापाचं तोंड लाल, हिरवं होत होतं, ती त्या तोंडाकडं बघत होती. एकदा म्हाताऱ्यानं मान वळवून तिला हाक मारली, "आगं ये की, बग कशी गोळी पळतीया!" ती गेली नाही.

निघताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नीट ऱ्हा. मानूस हुन्नरी हाय तुजा." आणि तीनच्या गाडीनं गेला.

हरवलेल्या खिट्टीच्या जागी भावानं खिळा घासून बसवला, आणि पुढं दोन महिन्यांत तिन्ही मशिनं तयार झाली. पाळणेवाला ती घेऊन वाईकडच्या जत्रांना निघाला आणि वाटेत काही बिघडलं तर म्हणून भावालाही घेऊन गेला. घरात आम्ही दोघीच. ढोलात कुणाच्या तरी सायकलींचे सुटे भाग घासायला होते, ते काम चालू होतं.

चार दिवस आम्ही एका शब्दानं बोललो नाही. पाचव्या दिवशी, जेवणं झाल्यावर, भर दुपारीच, ती शेडमध्ये आली. पदर खोचलेला. म्हणाली, "वन्सं, खडीचा लावा."

मी म्हणाले, "आता कशाला? भाग धुतल्यात कवाच."

"लावा."

मला समजलं. तरी मी उठले. का उठले हे मला आजही धड सांगता येत नाही. सवय होती म्हणा. मी बोल्ट ओतले, खडी ओतली, चारी नट आवळले. खटका दाबला. वळले तर तिच्या हातात मशीनच्या मोडक्या पायाचा दांडा होता, हातभर लांब. पहिला फटका खांद्यावर बसला. मी ओरडले आणि माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. नुसतं तोंड उघडलं होतं. दुसरा मनगटावर बसला, तिथं काहीतरी मोडलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. धुणं आपटताना असतो तसा चेहरा. किती मारलं मोजलं नाही. मी पडल्यावर तिनं दांडा भिंतीला उभा केला, हात धुतले, आणि ढोल बंद केला.

शेजारी गिरणी चालूच होती. कुणी आलं नाही.

तिनं ट्रंकेतून दोन लुगडी काढून पिशवीत घातली. मी जमिनीवरून म्हणाले, "कुटं जातीस? बाप पुन्ना आनून सोडंल."

ती म्हणाली, "बापाकडं कोन जातंय." आणि गेली. संध्याकाळी गिरणीवाल्याची बायको मुद्दाम येऊन सांगून गेली की तुमची भावजय मिरजेच्या गाडीत बसताना दिसली.

भाऊ परत आला तेव्हा माझा हात हाडवैद्यानं बांधला होता. मी गटारीत पाय घसरून पडले असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर ढोल कुणी लावला तेही सांगावं लागलं असतं. बायको पळाली म्हटल्यावर तो थोडा वेळ शिव्या देत बसला. गल्लीत विचारायला त्याला कमीपणा वाटला, दोन दिवस पाहुण्यारावळ्यांकडं विचारून आला. मला म्हणाला, "तुला म्हाईत हाय काय, कुटं गेली?" मी म्हणाले, न्हाई. मग त्यानं विचारलं, "आता खाचा कोन कोरनार?" दुसऱ्या दिवसापासून मीच काटा घेऊन बसले, एका हातानं. त्यानं माझ्यावर कधी हात उगारला नाही. बोलणं मात्र हळूहळू बंद केलं.

पुढं मी लोकांना सांगत आले की मिरजेचं मी लपवलं, नाहीतर त्यानं तिला ओढून आणलं असतं. ऐकून लोकांना माझं बरं वाटतं. पण खरं कारण निराळं होतं. ती परत आली असती तर त्या दुपारी ढोल कुणी लावला आणि खिट्टी कुणी घालवली हे एक दिवस तिनं भावाला पटवून दिलं असतं, आणि मग मला चुलत्यांच्या चुलीकडं जावं लागलं असतं. शिवाय ती तिथं कुठं तरी भांडी घासत असेल, फरशी पुसत असेल, उपाशी असेल, या विचारानं मला बरंही वाटायचं. मनगट दुखलं की जास्तच.

पावसाळ्याच्या तोंडावर तिचा बाप आला. कुणीतरी त्याला बातमी दिली होती. भाऊ घरात नव्हता. म्हातारा आत आला नाही, पायरीवर बसला. म्हणाला, "आक्का, माजी लेक कुटं हाय?"

मी म्हणाले, "तुमच्याकडंच आली आसंल असं आमी समजत हुतो."

"न्हाई आली."

"मग आमाला काय ठावं."

त्यानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाला, "तवाच ठिवून घ्याया पायजे हुती." हे तो मला म्हणाला की स्वतःशी, कळलं नाही. मी त्याला पाणी दिलं. मिरज तिथून सहा मैलांवर होती. मी म्हणाले असते तर तो चालतसुद्धा गेला असता. त्यानं तांब्या खाली ठेवला, विचारलं, "वडूजची गाडी कवा हाय?" मी सांगितलं, तीनला. तो उठला आणि स्टँडच्या वाटेला लागला.